बेटकास्टर रीळचा गुंता असा सुटला

पानशेतच्या काठावर बेटकास्टर रीळच्या (मासेमारीच्या काठीवर दोरी गुंडाळणारं यंत्र) पहिल्या दिवशी मासा राहिला बाजूला, अर्धी दुपार दोरीचा गुंता सोडवण्यात गेली. मनाला फार लागलं. साध्या स्पिनिंग रीळमध्ये स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, स्थिर असतो. बेटकास्टरमध्ये तो फेकीबरोबर फिरतो. आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र त्याच वेगाने दोरी सोडत राहतो, आणि गुंत्याचं घरटं तयार!

घरी परतल्यावर सोसायटीच्या गच्चीवर सराव सुरू केला. गळ काढून १४ ग्रॅमचं शिसं बांधलं. आधी स्पूल घट्ट-सैल करणारा टेन्शनचा नॉब: स्पूल मोकळा करणारं बटण दाबल्यावर शिसं सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा, इतका घट्ट. स्पूलचा वेग रोखणारा चुंबकी ब्रेक १० पैकी ९ वर. वेणीसारखी विणलेली दोरी काढून नायलॉनची भरली, कारण नायलॉनचा गुंता लवकर सुटतो.

खरी किल्ली मात्र अंगठा. फेकताना तो स्पूलवर अलगद टेकलेला ठेवायचा आणि शिसं जमिनीला लागायच्या क्षणी दाबायचा. झटका देऊन फेकायचं नाही, काठीलाच वजन उचलू द्यायचं. अंगठ्याला हे कळायला मला तीन आठवडे लागले. मग ब्रेक एकेक आकडा कमी करत ५ वर आणला.

समोरून वारा असला की अजूनही ब्रेक वाढवतो.