नाटकासाठी योग्य खुर्ची कशी निवडावी

नाटकाचे तिकीट काढताना पहिली रांग मिळते का, एवढेच बहुतेक जण पाहतात. परंतु चांगली खुर्ची कोणती हे आधी नाटकावरून ठरते आणि मग नाट्यगृहावरून. म्हणून नाट्यगृहातील खुर्च्यांचा प्लॅन उघडण्यापूर्वी आपण काय पाहायला निघालो आहोत, याचा विचार करावा.

दोन-तीन पात्रांचे संवादप्रधान नाटक असेल, तर पाचव्या ते आठव्या रांगेतील मधल्या खुर्च्या घ्याव्यात. तेथून मान न उंचावता नटाची नजर वाचता येते आणि सगळे नेपथ्यही दृष्टीत मावते. पहिल्या दोन रांगांत मात्र रंगमंचाची कड जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला येते, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या पात्राची पावले दिसत नाहीत. लावणी किंवा कथक पाहताना हीच उणीव फार जाणवते. अशा कार्यक्रमाला थोडे मागे, नाहीतर बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसावे. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला बहुधा रंगमंचाच्या पुढ्यात असतात, म्हणून त्यांच्या अगदी लगतच्या कोपऱ्यात बसल्यास साथीच्या आवाजात पदाचे शब्द हरवतात.

किती मागे जावे, याचे उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. त्यातील मध्यम आकाराचा आयताकृती नाट्यमंडप ६४ हात लांब आहे आणि त्याचा अर्धा भाग, म्हणजे ३२ हात, प्रेक्षकांचा आहे. हात दीड फुटाचा धरला तर हे अंतर सुमारे ४८ फूट होते. मंडप याहून मोठा केल्यास उच्चार अस्पष्ट होतात आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे भरताने बजावले आहे. दोन रांगांमध्ये तीन फूट अंतर मानले, तर ही मर्यादा आजच्या पंधराव्या रांगेच्या आसपास येते, आणि माझा अनुभवही तोच आहे.

त्यानंतर कडेच्या खुर्च्यांचा विचार करावा. एकदा मी हौसेने दुसऱ्या रांगेतील अगदी डावीकडची खुर्ची घेतली होती. दिवाणखान्याच्या डाव्या भिंतीतल्या दारात आई उभी राहून मुलाचे पत्र वाचत होती आणि मला दिसत होती ती फक्त दाराची चौकट व पदराचे टोक. तेव्हापासून पुढच्या कोपऱ्यापेक्षा दहाव्या रांगेतील मधली जागा मी अधिक मोलाची मानतो.

जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे तेथे आधी समोरची बाजू पाहावी. बाल्कनी असलेल्या नाट्यगृहात तिच्या खालच्या शेवटच्या रांगा टाळाव्यात, कारण छत डोक्यावर येते आणि आवाज दबतो.

ऑनलाइन तिकीट काढताना प्लॅनमध्ये रंगमंच वर दाखवला आहे की खाली, हे आधी पाहावे; घाईत अनेकांकडून मागची रांग पुढची समजून घेतली जाते. तिकीट खिडकीवर जात असाल, तर खुर्चीसमोर खांब किंवा कठडा येतो का, हे विचारण्यास संकोच करू नये. सोबत वयस्कर मंडळी असतील, तर बाल्कनीच्या पायऱ्या टाळून वाटेलगतची खुर्ची घ्यावी. लहान मुलासाठी आडव्या वाटेच्या लगेच मागची रांग उत्तम, कारण तेथे त्याच्या अगदी पुढ्यात कोणाचे डोके येत नाही.