दृष्टी मंदावल्यावर पुन्हा विणकाम कसे सुरू करावे

माझ्या आईने वयाच्या ८१ व्या वर्षी, मधली पंधरा-सोळा वर्षे लोकरीला हातही न लावता, अचानक सुया मागितल्या, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला एकच प्रश्न विचारला, "आता कशाला डोळे शिणवतेस?" प्रश्न मायेचा होता, पण त्यामागची समजूत चुकीची होती. बारीक कामाने डोळे थकतात, कोरडे पडतात, डोके जड होते. मात्र त्यामुळे मोतीबिंदू वाढत नाही की डोळ्याचा पडदा झिजत नाही. त्यामुळे विणावे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, विणण्यातले कोणते काम डोळ्यांकडून काढून बोटांकडे द्यायचे, याचा विचार करावा. ज्यांनी तरुणपणी ओसरीवर गप्पा मारत, समोर खेळणाऱ्या पोरांवर नजर ठेवून स्वेटर विणले, त्यांनी तेव्हाही निम्मे काम बोटांनीच केलेले असते. फक्त ते त्यांच्या लक्षात आलेले नसते.

आधी डोळे तपासून घ्यावेत

नेहमीच्या खुर्चीत बसावे, सुया विणण्याच्या पवित्र्यात धराव्यात आणि डोळ्यापासून सुईपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. पुस्तक आपण साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरवर धरतो, विणकाम मात्र मांडीजवळ, बहुधा ४५ ते ५५ सेंटीमीटरवर असते. चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला हे मोजलेले अंतर सांगावे. आमच्याकडून ते सांगायचे राहिले आणि महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचे आणि जवळचे दोन्ही नंबर असलेला, आईच्या गळ्यात पडला. त्यातला जवळचे पाहण्याचा भाग खाली आणि अरुंद असल्यामुळे ती टाका शोधताना मान वर-खाली करत राही. त्याच अंतरासाठी बनवलेला साधा, एकाच नंबराचा चष्मा स्वस्तही पडतो आणि कामालाही येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा लांबचे दिसेल अशी लेन्स बसवतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही जवळच्या कामाला चष्मा लागतोच; डोळा स्थिरावून नंबर ठरेपर्यंत थांबावे.

एक खूण मात्र विणणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. एकेक डोळा झाकून पाहताना सरळ सुई वाकडी दिसू लागली किंवा मधोमध डाग आला, तर ती विणकामातली चूक नसून डोळ्याच्या पडद्याची तक्रार असू शकते. डोळ्यांपुढे एकाएकी ठिपक्यांचा थवा आला, विजा चमकल्या किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर सुया ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाच्या, विकारात नजरेचा मध्यभाग धूसर होतो, पण कडा शाबूत राहतात. अशा व्यक्तीने टाक्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहण्याचा सराव केल्यास टाका अधिक स्पष्ट दिसू शकतो. काचबिंदूत बहुधा याच्या उलट, कडेचे दिसणे कमी होते. तिथे कात्री, पिना आणि सुया एकाच ताटात, ठरलेल्या जागी ठेवणे हाच उपाय.

उजेड

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेडच पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर पडते. म्हणून छताच्या ट्यूबलाइटवर विसंबू नये. मान वळवता येणारा टेबल लॅम्प खांद्याच्या बाजूने, कामाच्या अगदी जवळ आणावा. दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड साधारण चौपट होतो, त्यामुळे मोठा बल्ब घेण्यापेक्षा दिवा जवळ ओढणे फायद्याचे. बल्ब स्वतःच्या नजरेत येऊ देऊ नये, कारण मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला झगमगाटाचा त्रास फार होतो. मांडीवर एक साधे फडके अंथरावे: गडद लोकरीखाली पांढरे, फिक्या लोकरीखाली गडद. हा उपाय फुकटचा आहे, आणि त्याचा उपयोग गळ्यात अडकवायच्या भिंगापेक्षा जास्त होतो असे माझे मत आहे. ते भिंग ठरावीक अंतरावर धरावे लागते आणि सुया त्याला आपटतात. ते दुरुस्तीपुरतेच बाहेर काढावे.

लोकर आणि सुया

जुन्या पेटीतली बारीक लोकर आणि १२ नंबरच्या सुया बाहेर काढण्याचा मोह आवरावा. परतणाऱ्यांचा हिरमोड बहुतेक वेळा इथेच होतो. लोकर जाड, गुळगुळीत, एकरंगी आणि फिकी घ्यावी: पिवळी, आकाशी, मोतिया. काळा, गर्द निळा आणि जांभळा हे रंग पिवळसर झालेल्या भिंगातून एकमेकांत मिसळून जातात. केसाळ मोहेर किंवा गाठीगाठींची फॅन्सी लोकर हाताला कितीही मऊ लागली तरी तिच्यात टाका बोटांना सापडत नाही. पातळ लोकरीचे दोन धागे एकत्र विणून जाडी आणण्याची युक्ती पुष्कळजण सुचवतात, पण सुई दोनपैकी एकच धागा उचलते आणि ते कळत नाही. त्यापेक्षा मुळातच जाड लोकर बरी.

सुया ५ किंवा ६ नंबरच्या, म्हणजे ५.५ किंवा ५ मिलिमीटरच्या असाव्यात. आपल्याकडच्या दुकानांत अजून चालणाऱ्या जुन्या क्रमांकांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे मुलांना किंवा नातवंडांना दुकानात पाठवताना आवर्जून सांगावे. धातूच्या सुईवरून टाके घसरतात, बांबूच्या किंवा लाकडी सुईवर ते टिकून राहतात. बोटे दुखत असतील, तर लवचीक दोरीने जोडलेली गोल सुई घ्यावी आणि तिच्यावरही प्रत्येक ओळीनंतर काम फिरवून सपाटच विणावे. विणकामाचे वजन मांडीवर येते आणि एक सुई सोफ्याखाली जाण्याचा प्रश्न उरत नाही. गुंडा घरंगळू नये म्हणून तो रुंद तोंडाच्या तांब्यात ठेवावा.

पहिला चौकोन

सुईवर ३० टाके सैलसर घालावेत. हे मात्र उजेडात, डोळ्यांनी पाहून करावे आणि मोजणी दोनदा तपासावी. दर दहा टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे छोटे कडे सुईत अडकवावे, म्हणजे पुढे मोजणी तीसपर्यंत न करता दहापर्यंतच करावी लागते. समोरच्या बाजूला, कडेजवळ, एक सेफ्टी पिन लावावी.

आता प्रत्येक ओळ सुलटच विणावी. अशा विणीत दर दोन ओळींची मिळून हाताला लागणारी एक आडवी वळी तयार होते. पिन पुन्हा आपल्यासमोर आली की दोन ओळी, म्हणजे एक वळी पूर्ण झाली. तेव्हा एका वाटीतला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकावा. सुरुवातीला वाटीत ३० चिंचोके मोजून ठेवले, तर वाटी रिकामी होते तेव्हा चौकोनही पूर्ण झालेला असतो, कारण या विणीत जितके टाके तितक्या वळ्या घेतल्या की लांबी-रुंदी जवळपास सारखी येते. जाड लोकरीवर हा चौकोन साधारण २० सेंटीमीटरचा होतो; असे वीस जोडले की ८० बाय १०० सेंटीमीटरचे बाळाचे दुपटे तयार होते.

पाच-सहा वळ्या झाल्यावर डोळे मिटून एक ओळ विणून पाहावी. डाव्या हाताच्या तर्जनीने पुढचा टाका सुईच्या टोकाकडे सरकवावा, उजव्या सुईचे टोक त्याच बोटाच्या कडेने आत घालावे. पहिली ओळ फार हळू होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र बोटांना जुनी लय सापडू लागते. उलट टाका बोटांना नंतर शिकवावा: सुईच्या लगेच खाली मण्यासारखा आडवा उंचवटा लागला तर तो उलट, सपाट लागला तर सुलट. दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून दूरवर पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. कामात गुंतलो की आपण कमी वेळा डोळे मिचकावतो.

टाका सुटला तर

दर दहा वळ्यांनंतर जाड, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून तो सुईवरच्या सर्व टाक्यांतून काढून ठेवावा. रंगीत कड्यांतून मात्र तो जाऊ देऊ नये. पुढे काही बिघडले, तर निःशंक उसवावे. उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते. टाका सुटल्याचे जाणवताच मात्र काहीही ओढू नये. सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून काम बाजूला ठेवावे आणि सकाळच्या उजेडात क्रोशाच्या सुईने तो वर आणावा. एकदा आईने वळ्यांवरून अंगठा फिरवता फिरवता थांबून म्हटले, "इथे काहीतरी गेलंय बघ." मी दोनदा पाहून काही नाही म्हणून सांगितले, भिंग घेतल्यावर पाच ओळी खाली सुटलेला टाका दिसला. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी अंगठा फिरवून तपासण्याचा नियम आम्ही केला आहे.

नमुना कानांनी वाचावा

पुस्तकातल्या बारीक अक्षरांशी आणि चौकटींच्या आकृत्यांशी झटू नये. घरातल्या कोणाकडून नमुना एकेक ओळ करून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावा आणि दर ओळीनंतर थोडी जागा सोडायला सांगावे. आईच्या फोनमध्ये नातीच्या आवाजात "चौथी ओळ, दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत" असे आहे, आणि मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते. सुरुवातीला दोन किंवा चार ओळींत पुन्हा येणारेच नमुने निवडावेत.

टाके बंद करताना उजव्या हातात एका नंबराने जाड सुई घ्यावी, म्हणजे कड आखडत नाही. शेवटचा धागा वीतभर ठेवून कापावा, शेवटच्या टाक्यातून ओढून घ्यावा आणि बोथट सुईने कडेच्या वळीत चार-पाच टाके आत, मग उलट दिशेने दोन टाके ओवून टाकावा. वळीवरून बोट फिरवल्यावर टोक लागले नाही, की धागा नीट दडला.