अनुनयाचा तह कसा ओळखावा

दर पावसाळ्यानंतर गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, हातभर आत सरकवणारा शेजारी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळांना ठाऊक असतो. आणि तंटा नको म्हणून पहिल्या वर्षी गप्प बसल्यास पुढे काय होते, हेही ठाऊक असते. आक्रमक राष्ट्राला दिलेली सवलत मुत्सद्देगिरीची की अनुनयाची, म्हणजे मागेल ते देऊन त्याला शांत ठेवण्याची, हे ठरवताना जमिनीच्या व्यवहारातले प्रश्नच विचारावेत.

प्रथम, ज्याची जमीन जाते तो बोलणीला हजर होता का, ते पाहावे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दीचा प्रदेश सुडेटनलँड हिटलरच्या पदरात टाकला, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाला त्या बैठकीत स्थानच नव्हते. मग आधीच्या मागण्या तारखेनुसार मांडाव्यात: मार्च १९३६ मध्ये ऱ्हाइनलँड, म्हणजे जर्मनीचाच पण फौजा ठेवण्यास मनाई असलेला प्रदेश, मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया.

सर्वांत जास्त वेळ मात्र एकाच प्रश्नावर द्यावा: किती दिले यापेक्षा हाती काय उरले? सुडेटनलँडबरोबर चेक सरहद्दीचे डोंगर आणि तटबंदीही गेली, आणि १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. याउलट जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले आणि चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख दिला. आकड्यांनी पाहिले तर ही सवलत फार मोठी होती. परंतु राखलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, तोरणा आणि महाडजवळची रायरी होती, आग्र्याहून सुटून आल्यावर मिळालेला शांततेचा काळ राज्याची घडी बसवण्यात गेला आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ झाला. राज्याभिषेक झाला तोही त्याच रायरीवर, म्हणजे रायगडावर.

मिळालेला वेळ मोजताना दोन्ही बाजूंचा हिशेब धरावा. म्युनिकला सही करणारे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्यामुळे ब्रिटिश हवाई दलाला तयारीस सवड मिळाली, हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. पण त्याच काळात जर्मनीच्या हाती आलेले चेक रणगाडे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेले.

वहिवाटीची पायवाट मागणाऱ्याला मात्र गडगा सरकवणारा समजू नये. अनुनयाच्या धोरणाशी न पटून फेब्रुवारी १९३८ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे अँथनी ईडन पंतप्रधान झाल्यावर १९५६ मध्ये हीच गल्लत करून बसले: सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या इजिप्तच्या अध्यक्ष नासर यांच्यात त्यांना जुने हुकूमशहा दिसले आणि इजिप्तवर धाडलेले सैन्य अमेरिकेच्या दबावाखाली माघारी बोलवावे लागले.