सुंदरी लावताय? या चुका टाळा

तिवर, कांदळ, सुंदरी, सगळी खारफुटीच. मग लावायची पद्धतही एकच, असं धरून चाललं की सुंदरीची रोपं हमखास जातात. खारफुटी असली तरी हिला गोड्या पाण्याचा हात लागतो. सुंदरबनाला जिच्यावरून नाव पडलं असं मानतात, ती हीच. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ती संकटग्रस्त आहे.

पहिली चूक जागेची, आणि सगळ्यात महाग पडणारीही. कांदळाची लांब शेंग ओहोटीच्या वेळी चिखलात खोचली तरी रुजते. ते पाहून लोक सुंदरीची रोपंही खाडीकाठच्या उघड्या चिखलात लावतात. जागा मोकळी दिसते ना! पण दिवसातून दोनदा बुडणारी ती जागा सुंदरीची नव्हेच. तिला थोडा उंचवटा हवा, फक्त उधाणाचं पाणी चढेल असा, आणि वरून नदीचं गोडं पाणी येत असलेला. क्षारता पावसाळ्यात मोजू नका, तेव्हा सगळंच गोड लागतं. उन्हाळ्यात हातभर खड्डा खणा आणि त्यात झिरपलेलं पाणी मोजा.

दुसरी चूक बियांची. फळं पावसाळ्यात गळतात. होडीसारखा आकार, पाठीवर कणा, टणक कवच. कवच टणक म्हणून बीही टिकाऊ असेल असं वाटतं, नि फळं पोत्यात भरून उन्हात राहतात. बी वाळलं की मेलं. एखाददुसरं फळ फोडून बघा: आतला गर घट्ट, ओलसर हवा, आक्रसलेला असेल तर तो ढीग सोडून द्या. चांगली फळं लगेच पेरा.

शेंडा वाळायला लागला की कोयता काढायचा, हीही सवय मोडा. सुंदरबनातली शेंडेमर जुनी आहे. गोड्या पाण्याची टंचाई, साचणारा गाळ, खोडावर गाठी आणणारा रोग अशी तिची कारणं सांगतात. १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झालं आणि उन्हाळ्यात खाली येणारं गंगेचं पाणी घटलं. मुळाशी पाणी खारट झालेलं असताना वरून फांद्या छाटून काय होणार? आधी ओहोळ बुजलेत का ते बघा.

उपसलेला गाळ झाडाखाली ओतू नका. चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळं गाडली की झाड गुदमरतं. हे एवढं सरळ असूनही बांध घालणारे विसरतात.

आणि रोप घेताना फक्त पानं पाहू नका. हेरिटिएरा लिटोरॅलिस या तिच्या भावंडाच्या पानांची मागची बाजूही अशीच चंदेरी असते. मातृवृक्षाखाली वाकून बघा: श्वसनमुळं वर आलेली असतील तर ती सुंदरी. नुसती फळ्यांसारखी आधारमुळं पसरलेली दिसली, तर बी दुसऱ्याच झाडाचं आहे.