घरखर्चाच्या सर्व्हेत सगळे गोल आकडे येत होते, ते असं सुटलं

एमएच्या प्रोजेक्टला जुना फॉर्म मिळाला होता, त्यात "महिन्याला घरखर्च किती?" एवढा एकच प्रश्न, आणि जो तो पाच नाहीतर दहा हजार सांगून मोकळा. मग एनएसएसचा (म्हणजे सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) 2022-23 चा घरखर्चाचा सर्व्हे बघितला, तिथे भाजी, अंडी, मासे, तेल यांचा खर्च मागच्या 7 दिवसांचा विचारलेला, धान्य-डाळींचा 30 दिवसांचा आणि कपडे, चपला, शाळेची फी यांचा 365 दिवसांचा. मी पण तसंच तोडून विचारलं आणि खरं सांगते, काकू लोक आपणहून बोलायला लागल्या, परवा कोथिंबीर केवढ्याला पडली इथपर्यंत! बेरीज आपण घरी करायची, त्यांना करायला लावू नका प्लीज. आणि उत्पन्नाचा प्रश्न एकदम शेवटी ठेवा, आधी विचारला की लोक आवरतं घेतात.