खान्देशातून डिटेक्टिव्हगिरी करायची असेल तर

जळगाव, धुळे, भुसावळकडची पोरं मला अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, कार्ड कुठून मिळतं?" कार्ड म्हणजे गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. त्यावर 'इंटरनॅशनल' छापलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. असं कार्ड काही हजारांत विकणारे लोक आहेत, आणि ते घेऊन टोलनाक्यावर रुबाब करायला जाणारेही आहेत. त्याची किंमत लॅमिनेशनच्या प्लास्टिकइतकीच.

भारतात आजमितीस खासगी डिटेक्टिव्हला परवाना देणारं सरकारी खातंच नाही. २००७ साली राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. २००५ चा जो कायदा लोक पुढे करतात तो सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे, आपल्यासाठी नाही. त्यामुळे आपल्या धंद्यात कोण खरा आणि कोण भुरटा हे सरकार सांगत नाही. ते काम संघटना करतात. देशात दिल्लीची असोसिएशन ऑफ प्रायव्हेट डिटेक्टिव्ह्ज अँड इन्व्हेस्टिगेटर्स आहे. बाहेर वर्ल्ड असोसिएशन ऑफ डिटेक्टिव्ह्ज आहे आणि १९५५ पासून चालत आलेलं कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल इन्व्हेस्टिगेटर्स आहे. ब्रिटिशांची स्वतःची संघटना तर १९१३ ची. यातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा जळगावात बसलेल्या माणसाला काय उपयोग, हे नव्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी इथलं काम कसं असतं ते बघा. निम्म्याहून जास्त कामं सोयरिकीची. मुलगा पुण्यात आयटीत आहे म्हणतात, आहे का? मुलीचं आधी कुठे जमलं होतं का? घर स्वतःचं की भाड्याचं? आपली अर्धी सोयरीक सुरतेत, उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत, त्यामुळे गुजराती समजली नाही तर काम अडतं. अमळनेर-शिरपूरकडे ओट्यावर बसून अहिराणीत विचारलं की "पोऱ्या चांगला शे, पन..." असं उत्तर येतं, आणि त्या 'पन'नंतर आपण गप्प बसायचं असतं. रावेर-यावलकडे बोली बदलते, तशी बोलण्याची ढबही बदलावी लागते. उरलेली कामं शेतीमालाच्या व्यापाऱ्यांची, बुडीत उधारीची, कामगाराच्या पूर्वचौकशीची आणि विमा कंपन्यांची.

यात आंतरराष्ट्रीय काय? माझ्याकडे तरी ते केळीतून आलं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-सावदा पट्ट्यातून रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर भरून माल न्हावा शेव्याला आणि तिथून आखाताकडे जातो. खरेदीदार थोडा ॲडव्हान्स देतो, बाकीचे पैसे माल पोचल्यावर. माल पोचला की फोन येतो: फळ पिवळं पडलंय, रेट कापा. कधी खरंच पडलेलं असतं. कधी समोरचा ठगच असतो. माझ्या ओळखीच्या एका निर्यातदाराने कंटेनर भरायच्या आधी विचारलं, "ताई, ही दुबईची पार्टी बघून देता का?" ट्रेड लायसन्स ऑनलाइन तपासता येतं, ते मी इथूनच केलं. लायसन्स चालू होतं. पण चालू लायसन्स म्हणजे चालू धंदा नव्हे. तिथे प्रत्यक्ष कोणी तरी जायला हवं होतं. माझ्या पुण्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, जे अशा संघटनेचे जुने सदस्य आहेत, तिथल्या एका सदस्याला गाठून दिलं. दोनच पानांचा रिपोर्ट आला. एका फोटोत बिझनेस सेंटरच्या लॉबीतला बोर्ड, त्यावर कंपन्यांच्या नावांच्या चिकटवलेल्या पट्ट्या, आणि आपल्या पार्टीची पट्टी बाकीच्यांपेक्षा नवी कोरी. खाली ओळ: रिसेप्शनवर सांगण्यात आलं की या कंपनीचं इथे फक्त कुरिअर घेतलं जातं, गोदामाचा पत्ता त्यांच्याकडे नाही. निष्कर्ष असा काढलेलाच नव्हता. निर्यातदाराने तो स्वतः काढला आणि पूर्ण रक्कम आधी मागितली. पार्टी पुन्हा फोनवर आली नाही.

संघटनेचा उपयोग हा असा. परदेशात अनोळखी शहरात, पैसे पाठवल्यावर पळून जाणार नाही असा माणूस मिळतो. का पळत नाही? कारण प्रवेश देताना त्याचा अनुभव, त्याच्या देशातला परवाना, जुन्या सदस्यांची शिफारस असं सगळं पाहिलेलं असतं, आणि सहकाऱ्याचे पैसे बुडवले तर तक्रार शिस्त समितीकडे जाते. वाद वर्षाच्या अधिवेशनात चारचौघांत निघतो. आपल्याकडे भाऊबंदकीत जसं नाव खराब झालं की लग्नाच्या पंगतीत कळतं, तसंच हे. ते नाव सदस्य जिवापाड जपतात.

पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असते, आणि तुमचं मोल इथे ठरतं. लंडन किंवा टोरांटोच्या सहकाऱ्याला मुंबईत माणसं मिळतात, चोपड्याच्या पुढच्या खेड्यात मिळत नाहीत. तिकडच्या विमा कंपनीकडे क्लेम येतो की अमुक गृहस्थ गावी आले आणि वारले. मृत्यूचा दाखला खरा आहे का बघा. अशा वेळी दाखल्याचा कागद सगळ्यात शेवटी पाहायचा. आधी ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही बघायला रीतसर अर्ज करायचा. १९६९ च्या कायद्याने मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. उशीर झाला तर विलंब शुल्क, परवानगी, आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून मृत्यूच्या तारखेपेक्षा नोंदीच्या तारखेकडे आणि अनुक्रमांकाकडे बघायचं. मागच्या-पुढच्या नोंदी त्याच आठवड्यातल्या आहेत ना? शाई, अक्षर एकाचंच आहे का? मग पोलीस पाटील, मग आशाताई, मग ज्या घरी उत्तरकार्याच्या पत्रिका वाटल्या त्यांपैकी दोन-तीन घरं. खेड्यात माणूस गेला की दारावर लोक येतातच. कोणालाच आठवत नसेल, तर रिपोर्टात तेवढंच लिहायचं: अमुक तारखेला अमुक वेळी इतक्या जणांना विचारलं, त्यांनी माहिती नसल्याचं सांगितलं. 'दावा खोटा आहे' हे वाक्य तुमचं नाही, कंपनीचं आहे.

रिपोर्टबद्दल मी जरा कटकट करते, कारण इथली पोरं सगळ्यात जास्त इथेच मार खातात. चौकशी झकास करतात आणि व्हॉइस नोट पाठवतात. परदेशी सहकाऱ्याला पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं लागतं. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, ठिकाण हवं. फोटो मूळ फाइलच्या रूपात जपायचे, व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नाहीत. भारतातल्या कोर्टात जायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) भरावी लागते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या नमुन्यावर अजून काम करणारे सापडतात, त्यांच्याकडे शिकायला जाऊ नका.

आता बातम्यांकडे. या संघटना सदस्यांना ज्या बातम्या पाठवतात त्यात नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, पुढच्या अधिवेशनाचं गाव, कोणाचं निधन असं बरंच असतं. ते चाळून सोडलं तरी चालतं. वाचायची ती कायद्याची पानं. जपानने २००६ मध्ये डिटेक्टिव्हांसाठी वेगळा कायदा केला, तो लागू झाल्यापासून तिथे प्रशासनाकडे नोंद केल्याशिवाय धंदा करता येत नाही. दक्षिण कोरियात डिटेक्टिव्ह हा शब्द पाटीवर लावायलाच कायद्याने बंदी होती, ती २०२० मध्ये उठली. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यात परवान्याची तरतूद असूनही आपल्यासारखीच परवान्याची वाट बघणं चालू आहे, पण तिथल्या संघटनेने माहिती-संरक्षणाची आचारसंहिता तयार केली आणि २०२४ मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ती मंजूर केली. अमेरिकेत दर राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी साधारण तीन वर्षांचा, म्हणजे ६,००० तासांचा, पगारी अनुभव दाखवावा लागतो. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हद्द म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) या बातम्या ठाऊक असल्या की तुम्ही परक्या सहकाऱ्याला नको ते काम सांगत नाही, आणि तो सांगतो तेव्हा तुम्हाला नाही म्हणता येतं.

नाही म्हणायचा प्रसंग येतोच. सर्वात नेहमीची मागणी: "तुमच्या जिल्ह्यात अमुक माणसाला आमच्या कोर्टाची नोटीस बजावून द्या." अमेरिकेत खासगी माणूस कागद बजावतो, तिकडे ते रोजचं आहे. भारत हेग सर्व्हिस करारात (एका देशाच्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात बजावण्याबद्दलचा करार) आहे, पण खासगी किंवा टपालाच्या मार्गाने बजावणीला आपण आक्षेप नोंदवलेला आहे. ती केंद्रीय विधी मंत्रालयामार्फतच होते. तुम्ही कागद हातात देऊन फोटो पाठवलात तर फी मिळेल, पण ती बजावणी तिकडच्या वकिलाला पुढे महागात पडू शकते आणि दोष तुमच्या नावावर लागेल. पत्ता बरोबर आहे का, माणूस तिथे राहतो का, एवढं तपासून देता येतं. तसं लिहून कळवलं तर सहकारी उलट खूश होतो.

दुसरी मागणी कॉल रेकॉर्डची, म्हणजे सीडीआरची (कोणी कोणाला कधी, किती वेळ फोन केला याची मोबाइल कंपनीकडची नोंद), आणि ती परदेशातून कमी, गल्लीतून जास्त येते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात राज्यातल्या खासगी डिटेक्टिव्हांना अटक केली, त्यात नावाजलेले लोक होते. अमेरिकेत २००६ मध्ये एचपी कंपनीच्या संचालकांचे कॉल रेकॉर्ड तपासनिसांनी खोटी ओळख सांगून मिळवले, त्याचा केवढा गहजब झाला आणि पाठोपाठ तसं करणं गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा आला. सीडीआर पोलिसांनाही ठरावीक अधिकाऱ्यामार्फतच मिळतो. "माझा एक माणूस आहे कंपनीत" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

सध्या नवरा-बायकोच्या केसवाले एक निकाल दाखवतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जोडीदाराने गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. ते जोडीदाराच्या स्वतःच्या संभाषणाबद्दल आहे. त्यातून तुम्हाला दुसऱ्याच्या फोनमध्ये ॲप टाकायची मुभा मिळत नाही. बाईचा वारंवार पाठलाग करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, ते धंद्यात उतरण्याआधी वाचून काढा. हे क्षेत्र बायकांना सोपं पडतं असं म्हणतात, कारण आम्हाला घरात बसवून चहा देतात. ते खरं आहे. रात्री चाळीसगाव स्टँडवर एकटीने थांबायची वेळ येते तेव्हा मात्र ते खरं नसतं, आणि त्यासाठी बरोबर माणूस घेण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

शिक्षणाचं म्हणाल तर मी सरळ एलएलबी सुचवते. जळगावात मणियार लॉ कॉलेज आहे, घरून डबा घेऊन जाता येतं. फॉरेन्सिकची ओढ असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय विद्यापीठ नंदुरबारवाल्यांना मुंबईइतकंही परकं नाही. 'सहा आठवड्यांत डिटेक्टिव्ह' छापाचे कोर्स करू नका. त्यापेक्षा सातबारा, फेरफार, आठ-अ, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), ई-कोर्ट्सवरचा खटल्याचा सीएनआर क्रमांक हे कागद डोळे मिटून वाचता आले पाहिजेत. तिकडच्या सहकाऱ्याला सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना समजावून सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो इथे तलाठी कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही हुशार पोराला होता येतं.

आंतरराष्ट्रीय सदस्यत्वाची घाई नको. वार्षिक वर्गणी डॉलरमध्ये असते, अधिवेशनाला जायचं तर विमान आणि हॉटेल वेगळं. वर्षाला परदेशी काम एखादंच येत असेल तर तो खर्च निघत नाही. आधी एखाद्या जुन्या सदस्याच्या हाताखाली त्याची खान्देशातली कामं करा, रिपोर्ट त्याच्या नावाने जाऊ द्या. देशातल्या संघटनेचं संमेलन एकदा बघून या. दिल्लीला रेल्वेने गेलं तर भुसावळहून सोपं पडतं. तिथे भाषणांपेक्षा जेवणाच्या वेळी ओळखी होतात, तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर पद लिहू नका, तालुके लिहा. अर्ज करायची वेळ आली की शिफारस करणारे तुमच्या मोजक्या कामांबद्दल विचारतील, म्हणून प्रत्येक कामाची तारीखवार फाइल ठेवा, ग्राहकाचं नाव काढून. आणि फीचा आकडा, प्रवासखर्च, ॲडव्हान्स किती हे काम सुरू करण्याआधी ईमेलवर लेखी मागा. तासाचा दर सांगायला लाजू नका, तिकडे तसंच विचारतात.