पिंटरेस्टच्या बाहेर: आजचे चित्रकार, इलस्ट्रेटर आणि शिल्पकार शोधायचे कसे

पोर्टफोलिओ बघायला बसले की मी एक प्रश्न हमखास विचारते, सध्या कुणाचं काम बघतोयस? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. व्हॅन गॉग, पिकासो, आणि आपल्याकडचं कुणीतरी हवं म्हणून राजा रविवर्मा. तिघांबद्दलही माझी काही तक्रार नाही, पण आज काम करणाऱ्या एखाद्याचं नाव सांग म्हटलं की गाडी अडते, मग मोबाईल निघतो, पिंटरेस्टचा बोर्ड उघडतो, त्यात एकापेक्षा एक भारी चित्रं असतात आणि हे कुणाचंय विचारलं की "माहीत नाही मॅम, आवडलं म्हणून सेव्ह केलं."

हे लिहितेय ते अशा सगळ्यांसाठी, म्हणजे नुकतेच आर्ट कॉलेजात फाउंडेशनला लागलेले, अप्लाइडच्या सीईटीची तयारी करणारे, किंवा नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारे. मी स्वतः अप्लाइड आर्ट केलंय, आता पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मुलांच्या पुस्तकांतली चित्रं करते. माझं सांगणं एवढंच आहे की सेव्ह करायच्या आधी नाव शोधा. गूगल लेन्सने एका मिनिटात सापडतं बहुतेक वेळा. नाव मिळालं की तो माणूस कुठे शिकला, कुणाबरोबर प्रदर्शनं केली, कशात काम करतो, आधी काय करत होता हे सगळं मागोमाग येतं आणि त्यातूनच पुढची पाच नावं निघतात. बिननावाच्या चित्रातून फक्त तसलंच अजून एक चित्र मिळतं, आणि हल्ली ते एआयने बनवलेलं असण्याची शक्यताच जास्त, हाताला सहा बोटं दिसली की एआय असं ओळखायचे दिवस गेले आता.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका नावावरून दाखवते. सुधीर पटवर्धन घ्या. जन्म पुण्याचा, १९४९चा, एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) डॉक्टरकी शिकले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली आणि चित्रकला स्वतःची स्वतः शिकले. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, रेल्वेचा पूल, लोअर परळ, उल्हासनगर, म्हणजे आपण रोज लोकलच्या दारातून बघतो तेच सगळं. आता त्यांची माहिती वाचायला लागलात की १९८१ सालाशी थांबायला होतं. त्या वर्षी 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं, मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीत, सहा जणांचं. पटवर्धन, भूपेन खख्खर, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम. म्हणजे एका नावाचा माग काढला आणि पाच नावं फुकटात मिळाली, आणि पाचही वेगळ्या दिशांची. खख्खर मूळ मुंबईचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, पुढे बडोद्याला गेले. जोगेन चौधरींचं शाईतलं क्रॉसहॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांचं काम, इलस्ट्रेशन करणाऱ्या प्रत्येकाने भिंग लावून बघावं असं आहे, साधी भाजी किंवा लोळत पडलेला माणूस काढतात पण त्वचेचा सैलपणा, थुलथुलीतपणा सगळा त्या रेघांतून येतो. मलानी पारदर्शक सिलिंडरवर चित्रं रंगवून ते दिव्यासमोर फिरवत ठेवतात आणि सावल्या भिंतीवर चालायला लागतात, ॲनिमेशनवाल्यांनी त्यांच्याकडून सुरुवात केली तरी चालेल. शेख नकाशांमध्ये गोष्टी भरतात. सुंदरम २०२३मध्ये गेले, त्यांनी तर कचऱ्यातून आख्खी शहरं उभी केली. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने कलासमीक्षक गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचा संग्रह डिजिटाइझ करून ऑनलाइन फुकट ठेवलाय, जुने कॅटलॉग, फोटो, पत्रं, लातूरला बसून वाचता येतं सगळं.

ऑनलाइन बघण्याचा एक मोठा घोटाळा म्हणजे साइज. फोनवर सगळी चित्रं तळहाताएवढी दिसतात, बारा फुटी कॅनव्हास पण आणि पोस्टकार्ड पण. अतुल डोडियांचं शटरचं काम आहे, दुकानाचं असतं तसं पत्र्याचं रोलिंग शटर, त्याच्यावर चित्र, आणि शटर वर केलं की मागे दुसरं चित्र. फोटोत एका वेळी एकच दिसणार, आणि शटर वर जाताना त्याचा जो खडखडाट होतो तो तर कुठेच नाही. सुनील गावडेंनी लाल रंगवलेल्या ब्लेडचे हार केले होते, व्हेनिस बिएनालेत (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) २००९ला दाखवले गेले. लांबून गुलाबाचे हार वाटतात आणि जवळ गेलं की अंगावर काटा येतो, म्हणजे सगळा खेळ त्या चार पावलांचा आहे आणि ती चार पावलं स्क्रीनवर टाकता येत नाहीत.

म्हणून प्रत्यक्ष जा. मुंबईत किंवा जवळपास राहणाऱ्यांना तर सबबच नाही. जहांगीर १९५२पासून आहे, प्रवेश फुकट, प्रदर्शनं साधारण आठवड्याची असतात, मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. ओपनिंगला गेलात तर चहा मिळतो, चित्र दिसत नाही, सगळ्यांच्या पाठीच दिसतात. गुरुवारी नाहीतर शुक्रवारी दुपारी जा. त्या वेळी चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, बऱ्याचदा कंटाळलेला, आणि कुणी धड प्रश्न विचारला तर तासभर बोलतो. "याचा अर्थ काय" हे विचारू नका, त्याला दिवसभर तेच विचारलेलं असतं. कॅनव्हासला बेस काय मारलाय, हा पांढरा रंग आहे की कागद तसाच सोडलाय, हे काम मध्येच फसलं होतं का, असं विचारा. मला अशाच एका दुपारी जलरंगवाल्या एका काकांनी फ्लॅट ब्रश उभा धरून पत्र्याची पन्हाळी कशी एका फटक्यात काढायची ते तिथल्या तिथे पाण्याने फरशीवर करून दाखवलं होतं. आणि कॅनव्हासची कड बघायची सवय लावा, बाजूने. खालचे थर, आधी लावलेला रंग, स्टेपल, सगळं तिथे उघडं पडतं, समोरून झाकलेलं असतं ते.

जहांगीरसमोर रस्ता ओलांडून रीगलच्या दिशेने आलात की एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, सोमवारी बंद. पटवर्धनांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन, २०१९च्या शेवटी इथेच झालं, चित्रकार प्रभाकर बरव्यांचंही त्याच वर्षी. तिथून पुढे कुलाबा-फोर्टमध्ये खासगी गॅलऱ्या आहेत, केमोल्ड प्रेस्कॉट रोड, चॅटर्जी अँड लाल, प्रोजेक्ट ८८, झवेरी कंटेम्पररी वगैरे. नवीन मुलं इथे घाबरतात. जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, बंद दार, बेल वाजवायची, आत एसी आणि लॅपटॉपमागे एकच माणूस. आपण काही विकत घेणार नाही हे त्यांना आपल्या चपलेवरूनच कळलेलं असतं आणि त्यांना त्याचं काही पडलेलं नसतं, बिनधास्त जा, तिकीट नसतं. कामांची यादी मागून घ्या, त्यात साइज, मटेरियल, साल असतं. सोबतची कॉन्सेप्ट नोट शेवटी वाचा, आधी वाचली तर चित्र दिसायचं बंद होतं, भाषाच तशी असते. रविवारी बऱ्याच गॅलऱ्या बंद असतात तेव्हा शनिवार धरा. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो तेव्हा सगळे आपापलं चांगलं काम काढून ठेवतात.

गोव्याकडच्यांसाठी पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, सुबोध केरकरांनी काढलेलं, हेही मूळचे डॉक्टर (डॉक्टरांचं काय आहे कळत नाही मला), आणि डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल.

इलस्ट्रेशनसाठी माझी पहिली शिफारस अगदी साधी, पुस्तक हातात घेतलं की श्रेयनामावली वाचा. दिवाळी अंकात "मुखपृष्ठ" आणि "आतील चित्रे" यापुढे जे नाव असतं ते आपण कधीच वाचत नाही. दलाल, मुळगावकर, सरवटे ही नावं घराघरांत होती ती लोक वाचत होते म्हणून. आज चंद्रमोहन कुलकर्णींचं मुखपृष्ठ दुकानात लांबून ओळखता यायला पाहिजे. मुलांच्या पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडा, फुकट आहे, मराठीतही पुस्तकं आहेत, आणि प्रत्येक पुस्तकावर चित्रकाराचं नाव असतं. प्रिया कुरियन, राजीव आईप, प्रभा मल्ल्या यांच्यापासून सुरुवात करा. बाहेरचा एकच निवडायचा तर ऑस्ट्रेलियाचा शॉन टॅन. पेन्सिलीने काढलेलं, एकही शब्द नसलेलं स्थलांतराचं आख्खं पुस्तक आहे त्याचं, आणि आपण कसं काम केलं हे तो स्वतःच्या वेबसाइटवर खूप मोकळेपणाने लिहितो. दर वर्षी बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातलं इलस्ट्रेटर्स प्रदर्शन असतं, त्यात निवडलेल्यांची नावं घेऊन एकेकाच्या वेबसाइटवर जा, महिनाभराची सोय होते.

आणि कल्पकता म्हणजे परदेशीच हा समज जरा बाजूला ठेवा. भज्जू श्याम हे भोपाळचे गोंड चित्रकार, लंडनला एका रेस्टॉरंटची भिंत रंगवायला गेले आणि परत येऊन त्यांनी लंडन काढलं. बिग बेनचा कोंबडा, कारण दोघंही वेळ सांगतात. जमिनीखालची ट्यूब म्हणजे गांडूळ. तीस नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. आता यांचा माग काढा, काका जनगढसिंह श्याम, त्यांच्यामागे भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र आणि तिथले चित्रकार जे. स्वामिनाथन. आपल्याकडे वारली कुर्त्यावर, कपावर, बाथरूमच्या टाइल्सवर पण आहे आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव माहीत असलेला माणूस शोधावा लागतो. डहाणूकडचे, २०११ला पद्मश्री, २०१८ला गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मोठं करून बघा, हजारो बारीक रेघांचं जाळं आहे आणि ते खरंच हवेत फुगल्यासारखं वाटतं.

शिल्पकारांबद्दल थोडक्यात, कारण फोटोवरून शिल्पाबद्दल बोलण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. तरी तीन नावं नक्की बघा. मृणालिनी मुखर्जी, दोराला हाताने गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच आकृत्या उभ्या करायच्या, बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या, वडील बिनोदबिहारी मुखर्जी, म्हणजे माग काढत सरळ शांतिनिकेतनात पोचता. एल अनात्सुई, जन्म घानाचा, बरीचशी कारकीर्द नायजेरियात, दारूच्या बाटल्यांची बुचं चपटी करून तांब्याच्या तारेने शिवतो, लांबून भरजरी शालू. थिओ यानसेन, हॉलंडचा, पीव्हीसी पाइपांचे सांगाडे करतो आणि ते समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालतात, याचे मात्र व्हिडिओच बघा.

बघितल्यावर काय करायचं, तर वही ठेवा. एका चित्रकाराला एक पान. नाव, गाव, साधन, साइज, कुणाबरोबर प्रदर्शन केलं, आणि चित्रासमोर उभं राहून पेन्सिलीने काढलेला काड्यापेटीएवढा थंबनेल. फोटो काढा हवं तर, पण थंबनेल आधी, कारण तो काढताना वजन कुठे आहे, रिकामं कुठे सोडलंय हे हाताला कळतं. मग त्या माणसाचा एकच निर्णय उचलायचा, स्टाइल नाही. पटवर्धन पुलावरची गर्दी कशी रचतात, कोण पाठमोरं, कोण कडेला अर्धं कापलेलं, ते बघून आपलं एसटी स्टँड काढा, आपल्या रेघेत. स्टाइल उचलली की आर्ट डायरेक्टरला पहिल्या पानावरच कळतं, आणि मूळ माणूस उपलब्ध असताना तो तुम्हाला का घेईल?

शेवटचं, पैसे साठवून एकदा कोची-मुझिरिस बिएनाले बघाच. १२ डिसेंबर २०१२ला सुरू झालं, सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू दोघेही आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. फोर्ट कोची-मट्टांचेरीची जुनी गोदामं, सोबत स्टुडंट्स बिएनाले, ते तर तुमच्याच वयाच्या मुलांचं काम. कोकण रेल्वेची नेत्रावती थेट एर्नाकुलमला सोडते, पुढे बोट. दोन दिवस पुरत नाहीत, तीन तरी ठेवा, पायात आरामाच्या चपला घाला, आणि मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी व्हिडिओच्या खोल्यांमध्ये बसायला जागा मिळत नाही.